श्वासाच्या जागा

१

मंगळवारचा वर्ग दवाखान्याच्या मागच्या इमारतीत भरायचा. तिथे पूर्वी एक्स-रे काढत. भिंतींना आतून ठोकलेला शिशाचा पत्रा कुणी काढला नव्हता, त्यामुळे दार लावलं की बाहेरचं जग बंद व्हायचं. हॉर्न नाही, कुत्रं नाही, काही नाही. धाकटी दुपारी येऊन कुलूप काढायची, पंखा बंद आहे ना बघायची, कारण पंख्याने धूळ उडते आणि या लोकांच्या छातीत धूळ आधीच भरपूर होती. मग खुर्च्या अर्धगोलात मांडायची आणि जंतुनाशकाच्या ट्रेमधून व्हिसल काढून एकेक पुसायची.

व्हिसल म्हणजे पंचाच्या गळ्यातली शिट्टी नव्हे. बोटाएवढी जाड, दीड वीत लांब पत्र्याची नळी, वर सहा भोकं आणि तोंडाशी चोचीसारखा प्लास्टिकचा तुकडा. बासरीसारखी आडवी धरत नाहीत, उभी ओठांत धरतात. आवाज सगळ्यात बारीक, म्हणून तिला सोप्रानो म्हणायचं. जरा जोर केला की बिथरते, वरच्या सप्तकात उडी मारून किंचाळते. खालचा सूर हवा असेल तर आरशावर वाफ सोडावी इतकंच फुंकायचं. ज्यांची फुफ्फुसं कामातून गेलीत त्यांनाही तेवढं जमतं, आणि जपून फुंकायची सवय लागली की त्यांची धापही कमी होते. डॉक्टरीणबाईंनी हे कुठेतरी वाचलं होतं आणि वर्ग सुरू केला होता. शिकवायला त्यांना धाकटीचा बाप मिळाला.

बाप दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात मुकादम होता. कारखान्याचा भोंगा एकदा बिघडला तो बिघडलाच. तेव्हापासून शिफ्ट बदलली की हा व्हिसल वाजवायचा. तोंडाला फडकी बांधली तर बोलता येत नाही आणि बोलता आलं नाही तर काम होत नाही, असं सांगून फडकी बांधू न देणाराही हाच. वर्गातली सगळी माणसं त्याच्या हाताखालची. ज्याने यांचा श्वास घालवला तोच यांना श्वास शिकवायला बसला, आणि हे सगळे समोर माना डोलावत बसले. कुणाच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. उलट जाताना त्याला 'साहेब, येतो' म्हणायचे.

वर्गात एकटी आईच अशी होती जिने कारखान्याचं फाटकही ओलांडलं नव्हतं. तिने आयुष्यभर मागच्या पायरीवर उभं राहून त्याचे शर्ट झटकले होते. तेवढी धूळ तिच्या छातीला पुरली.

बाप महिन्याभरापूर्वी गेला. धाकटीला रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपल्याच गालाला हात लावावा, तसे दिवस चालले होते. कॉलेज तिने तिसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हापासून बाप तिला 'अर्धवट' म्हणायचा, आणि आता वर्ग चालवायला अर्धवटच उरली होती. दादा परदेशातून फोन करून म्हणाला होता की तू आहेस म्हणून काळजी नाही. हे म्हणायला त्याचं काय जात होतं?

२

एकटा माणूस वाजवतो तेव्हा श्वासासाठी थांबतो, आणि तिथे सूर तुटतो. दहा जण मिळून वाजवत असतील तर न तुटताही वाजवता येतं. फक्त शेजाऱ्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. मुकादमाने प्रत्येकाला जागा नेमून दिली होती. तू या सुरानंतर घे, तेव्हा हा धरेल. हा पुढच्या ओळीत घेईल, तेव्हा ती धरेल. प्रत्येकाने एकाला धरायचं आणि प्रत्येकाला एकाने धरायचं, कुणीही मोकळं सुटायचं नाही. तो त्याला 'शिफ्ट लावणं' म्हणायचा.

धून एकच होती, सावकाश. शेवटी ती उतरत उतरत सगळ्यात खालच्या सुरावर यायची. सहाही भोकं बंद. तो सूर लांबवायचा असे. बाकीचे एकेक करून व्हिसल मांडीवर ठेवत, आणि अखेरीस आई आणि बाप दोघंच उरत. तिने श्वास घेतला की त्याने धरायचं, त्याने घेतला की तिने. धाकटीला ते ऐकवत नसे. घरात ज्या दोघांचं एक वाक्य सरळ होत नव्हतं, ती दोघं इथे एका सुराला दोन टोकांनी धरून बसलेली.

वर्गातलं माणूस गेलं की पुढच्या मंगळवारी बाप आधी त्याची खुर्ची उचलून भिंतीला लावायचा. मग व्हिसल आपल्या खुर्चीच्या पायावर दोनदा वाजवायचा, टक टक, आणि सगळ्यांच्या जागा नव्याने सांगायचा. गेलेल्याबद्दल एक शब्द नाही. कारखान्यातही असंच होतं, सकाळी माणूस गेला की दुपारच्या शिफ्टला दुसरा उभा. धाकटीने एकदा विचारलं होतं, निदान एक दिवस तरी खुर्ची राहू दे, काय बिघडतं.

"रिकामी जागा ठेवायची नसते," बाप म्हणाला होता. "कुणीतरी येऊन बसतं."

फाटकाशी काम मागायला येणाऱ्यांची त्याला आठवण होत असेल, असं तिला वाटलं होतं.

तो गेल्यावरच्या पहिल्या मंगळवारी धाकटीने खुर्च्या मांडल्या आणि त्याची खुर्ची मुद्दाम ठेवली, आईच्या शेजारी, नेहमीच्या जागी. जागा नव्याने लावल्या नाहीत. कुणी सुचवलं तेव्हा म्हणाली, जसं होतं तसं वाजवा. मनात म्हणाली, आता बघू दे तुझ्या जागेवर कोण येऊन बसतं ते. तेवढाच सूड तिच्या हातात होता.

३

धून चांगली झाली. टायपिस्ट मावशी, म्हणजे कारखान्याच्या ऑफिसात जन्म काढलेली, दोनदा खोकली. क्रेनवाले काका नेहमीप्रमाणे एक सूर मागे होते. मग शेवटचा सूर आला. एकेकाने व्हिसल खाली ठेवली. मावशीने ठेवली, काकांनी ठेवली, समोर उभी राहून वाजवणाऱ्या धाकटीनेही ठेवली. आई उरली.

आईला फार धरता येत नसे. दहा मोजायच्या आत तिची बोटं थरथरायची, सूर डुगडुगायचा आणि ती श्वास घ्यायची. आज त्या जागी सूर तुटेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी छताकडे बघत होतं, कुणी आपल्या चपलांकडे.

सूर तुटला नाही.

आई डोळे मिटून बसली होती, व्हिसल ओठांत. सूर बारीक, सरळ, एका उंचीवर चालला होता. धाकटी आधी वाट बघत राहिली, मग नुसती बघत राहिली. केव्हातरी आईने व्हिसल खाली घेतली आणि सूर थांबला. आधी काय झालं, व्हिसल खाली आली की सूर थांबला, हे धाकटीला नंतर आठवेना.

क्रेनवाले काका म्हणाले, वहिनींनी नवीन फुफ्फुसं बसवून घेतलेली दिसतात, आम्हालाही दुकानाचा पत्ता द्या. सगळे हसले. जरा जास्तच हसले, आणि नेहमीपेक्षा लवकर उठून गेले.

धाकटीने व्हिसल गोळा केल्या. बापाची व्हिसल त्याच्या जाण्यापासून टेबलाच्या खणात पडून होती. खण उघडायचं काही कारण नव्हतं. तिने उघडला. वाजवलेली व्हिसल हाताला कोमट लागते आणि चोचीत श्वासाचं पाणी साचतं, ते झटकून काढावं लागतं. तिने बापाची व्हिसल झटकली. फरशीवर चार थेंब पडले.

उघड्या दारातून खणावर ऊन येत होतं. पत्रा तापणारच. पाण्याचं म्हणाल तर ट्रेमधून कधीतरी उचलून तशीच ठेवली असेल. तिने असा हिशोब केला, तो जुळला, आणि तिने खण बंद केला.

४

धाकटीचं लहानपण आईच्या श्वासाच्या आवाजात गेलं होतं. भिंतीपलीकडून तो सारखा यायचा, लाकूड कापल्यासारखा, मध्येच अडकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. अलीकडे त्यात ऑक्सिजनच्या मशीनची घरघर मिसळली होती. आता घर गप्प झालं. आईने मशीन बंद करून त्यावर टॉवेल घातला होता. म्हणाली, लागत नाही.

तिचं बोलणंही बदललं. पूर्वी ती तीन तीन शब्दांचे तुकडे पाडून बोलायची, मध्ये धाप. आता तिने एके सकाळी कपाटातलं काय कुणाला द्यायचं ते सांगायला घेतलं. बापाचे शर्ट, चपला, घड्याळ, छत्री, सगळं एका दमात सांगून झालं तरी ती कुठे थांबली नाही. धाकटी दात घासत होती, तिचा हात थांबला. चांगली गोष्ट आहे, तिने स्वतःला बजावलं. आई बरी होतेय. नवरा गेल्यावर बाई बरी होते, हे काय जगात पहिल्यांदा घडतंय?

दोघी फुंकायच्या तपासणीला गेल्या तेव्हा तपासणीवाल्या पोराने आईच्या तोंडात नळी दिली आणि नेहमीचा धोशा लावला, फुंका, फुंका, अजून, अजून. मग म्हणाला, बस. आई फुंकतच होती. पडद्यावरची रेघ जी सरळ झाली ती सरळच. पोराने आधी वायर हलवली, मग तिच्या तोंडातून नळी काढून घेतली. सेन्सर अडकलाय, म्हणाला. डॉक्टरीणबाईंना मात्र सेन्सरबिन्सर काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी आईचा हात हातात घेतला, वर्गाचं यश म्हणाल्या आणि फोटो काढला. फोटोत डॉक्टरीणबाई हसतायत. आई कॅमेऱ्याकडे बघतेय, पण कुणीतरी 'बघा' म्हटल्यावर बघावं तसं.

धाकटीची मैत्रीण दुसऱ्या गावात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होती. तिने तिथे धाकटीसाठी बोलून ठेवलं होतं, खोलीत एक कॉट रिकामी ठेवली होती. आई सावरली की येते, असं धाकटी सांगत आली होती. त्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला, काय म्हणते आई? धाकटीने सांगितलं, एकदम मस्त आहे. मग कधी येतेस? धाकटी म्हणाली, कळवते.

५

दुपारी आई झोपली होती. धाकटी तिच्या खोलीत इस्त्रीचे कपडे ठेवायला गेली आणि उभी राहिली.

खोलीत आवाज नव्हता. खिडकीचा पडदा हलत होता, आईच्या अंगावरची चादर हलत नव्हती. धाकटीने चादरीवरची निळी फुलं बघायला घेतली, एक फूल पकडून. ते वर गेलं नाही, खाली आलं नाही. तिने आणखी थोडा वेळ बघितलं. माणूस मेलेलं असलं की कळतं, बापाचं कळलं होतं, आणि हे ते नव्हतं. आईच्या गालावर रंग होता, पापण्या हलत होत्या. ती मोबाईलचा काळा पडदा आईच्या नाकाशी घेऊन गेली. त्यावर वाफ आली नाही.

आईने डोळे उघडले.

"काय गं?" ती म्हणाली. म्हणण्याआधीही तिची छाती हलली नाही.

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. ओरडायला हवं होतं, डॉक्टरीणबाईंना फोन करायला हवा होता, पण तिचे हात कपड्यांच्या घड्यांवर नुसते पडून राहिले. तिने विचारलं, तुला बरं नाही वाटत का. आई म्हणाली, मला काहीच वाटत नाही, किती छान आहे. सकाळी गॅसवरचं भांडं हाताने उचललं तर हातही पोळला नाही. तिने तळवा दाखवला. पोळला होता, चांगला फोड आला होता.

"आई, तू श्वास घेत नाहीयेस."

"तो धरतो ना." आईने हे अशा सुरात सांगितलं, जणू दूधवाला दूध ठेवून गेलाय. "मी दमले होते गं. जन्मभर ओढतेय. त्याने धरलं तर मी नुसती बसते. तू खुर्ची काढली नाहीस, मला वाटलं तुझ्या लक्षात आलंय."

"आणि तो सोडतच नसेल तर?"

आईची बोटं पलंगाच्या लाकडावर दोनदा वाजली, टक टक. तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं, कुणाचा आहे हे ओळखू न आल्यासारखं, आणि तो चादरीखाली घेतला.

धाकटी बाहेर येऊन मागच्या पायरीवर बसली. या पायरीवर आई शर्ट झटकायची आणि पांढरा ढग उठायचा, आणि लहानपणी धाकटी त्या ढगात नाचायची. आधी बापाने बाईचा श्वास घेतला, आणि आता परत द्यायला आलाय म्हणे. आणि परत देतानाही सगळा आपल्याच हातात ठेवून. हे भूतबीत काही नाही, ती स्वतःला सांगत राहिली, आईच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतोय, यालाही काहीतरी नाव असेल. पण मोबाईलचा पडदा कोरडा होता, आणि मोबाईलला मेंदू नव्हता.

६

मंगळवारी वर्गाआधी तिने सगळ्यांना दवाखान्याच्या पायऱ्यांवर गाठलं. सांगितलं की आज खुर्ची काढणार, जागा नव्याने लावणार. तिला वाटलं होतं हे विचारतील, का. कुणी विचारलं नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि तिच्या लक्षात आलं की यांना ठाऊक आहे.

टायपिस्ट मावशी आधी बोलली. तिचं म्हणणं, आताशा तिच्या जागेवरही कुणीतरी धरतं. श्वास चुकला तरी चालतो, ओझं पडत नाही. परवा ती दोन जिने न थांबता चढली. दुसऱ्या एकाने सांगितलं, आताशा तो आडवा होऊन झोपतो, कित्येक वर्षांत पाठ टेकली नव्हती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच कळा होती, रेशनच्या रांगेत आपला नंबर जाऊ नये म्हणून धरून उभ्या असलेल्या माणसाची.

धाकटीने त्यांना आईचं सांगितलं. चादर, मोबाईलचा कोरडा पडदा, तळव्यावरचा फोड. मावशीने मान खाली घातली. क्रेनवाले काका चष्मा पुसू लागले.

"हे बघ बाळा," ते म्हणाले, "जन्मभर त्यानेच शिफ्ट लावली. आता लावतोय तर लावू दे. तुझं काय जातंय?"

"माझी आई जातेय."

"वहिनींची काही तक्रार आहे का?"

त्यांनी फडकी मागितली नव्हती, भरपाई मागितली नव्हती, एकदाही मान वर केली नव्हती. मेल्यावरही मुकादम हवा होता यांना. धाकटीला वाटलं आता आपल्याला राग येईल. आला नाही. तो जिथून यायचा ती जागा बधिर होती. ती नुसती वळली आणि कुलूप काढायला गेली.

७

तिने बापाची खुर्ची उचलली. प्लास्टिकची, हलकी, सहज आली. बसायची जागा हाताला कोमट लागली. तिने ती भिंतीला लावली, तोंड भिंतीकडे करून. मग व्हिसल टेबलावर दोनदा वाजवली आणि जागा सांगायला सुरुवात केली.

मावशीला काका धरतील, काकांना पलीकडचे. असं करत ती आईपर्यंत आली. बापाची जागा कुणीतरी घ्यायला हवी होती. तिने एकेकाला विचारलं. एकाला मान दुखत होती, एकाला डोळ्याने दिसत नव्हतं, मावशीने सरळ नाही म्हटलं. आई बंद दाराकडे बघत होती, जणू हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

"मी घेते," धाकटी म्हणाली. तिने स्वतःची खुर्ची आणून आईशेजारी ठेवली. "आईला मी धरीन."

"आणि तुला?" क्रेनवाल्या काकांनी विचारलं.

बापाच्या वेळी आईनेच त्याला धरायचं, असा नियम होता. पण आईच्या छातीत आता काही आहे की नाही हेच धाकटीला माहीत नव्हतं, आणि तिच्यावर ओझं टाकायचं तिच्या मनातही नव्हतं. या बाकीच्यांकडे तर तिला बघवत नव्हतं.

"मला कुणी नको," ती म्हणाली.

काकांनी आपली व्हिसल उचलली. एक जागा रिकामी राहतेय हे बाकी कुणाच्या लक्षात आलं असेल तर तेही गप्प बसले. तशी त्यांना सवय होती.

धून सुरू झाली. पत्र्याच्या भिंतींत ती नेहमी कोरडी वाटे, आज तर कागदासारखी. मावशी खोकली, काका एक सूर मागे पडले. शेवटचा सूर आला, सहाही भोकं बंद झाली. एकेकाने व्हिसल खाली ठेवली. मायलेकी उरल्या.

आईच्या श्वासाची जागा आली. धाकटीने धरलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिने आईकडे बघितलं. आईने व्हिसल ओठांतून काढली नव्हती. घे, धाकटी मनात म्हणाली, घे, घे ना. तिची स्वतःची छाती रिकामी व्हायला आली. भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची तिच्या पाठीमागे होती, आणि तिथून, अगदी हलक्या हाताने, तोच सूर येत होता. ती ऐकत नव्हती. ती फक्त धरून होती. डोळ्यांपुढे ठिपके नाचू लागले, बोटांखालची भोकं कळेनात, तरी तिने सोडलं नाही.

मग आईच्या गळ्यातून एक आवाज निघाला. ओलं लाकूड चिरल्यासारखा. आईने श्वास घेतला, लांबच लांब, घरघरत, अडकत, आणि त्यापाठोपाठ तिला खोकल्याची अशी उबळ आली की ती खुर्चीवरून खाली आली. सूर तुटला. सगळ्यांनी आपापल्या छातीवर हात नेले. मावशी तोंड उघडून बसली होती, काका वाकून खुर्चीचा हात धरून धापा टाकत होते, आणि एक म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला होता.

आई फरशीवर बसून फोड आलेला हात छातीशी धरत होती. "पोळतंय गं," ती म्हणाली. थांबली, धाप घेतली. "किती. पोळतंय."

धाकटीने तिला जवळ घेतलं. आईची पाठ तिच्या हाताखाली वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. खूप दिवसांनी धाकटीला काहीतरी वाटलं. तिने मान मागे टाकून मोठा श्वास घ्यायला तोंड उघडलं.

आला नाही. आईची पाठ खाली आली, तेव्हा आला.

८

आई आता बरी आहे. म्हणजे होती तशी आहे. मशीनवरचा टॉवेल निघाला, भिंतीपलीकडून लाकूड कापल्याचा आवाज सुरू झाला. ती तीन तीन शब्दांत बोलते. वर्ग बंद पडला. डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं तेव्हा धाकटीने खोलीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली. टायपिस्ट मावशी रस्त्यात दिसली तर समोरच्या बाजूला जाते.

मैत्रिणीकडे जायला धाकटी एकदा निघाली होती. बस गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मग आईचा श्वास ऐकू येईना, आणि आपण कधी घ्यायचा हे तिला कळेना. शेजारच्या बाईने खिडकी उघडून दिली. पुढच्या थांब्यावर धाकटी उतरली आणि परतीच्या बसमध्ये बसली. घराच्या दारात पाऊल टाकलं तेव्हा आतून आईचा श्वास सुटला, आणि हिचा आत आला. मैत्रिणीने ती कॉट दुसऱ्या मुलीला दिली. बरोबर केलं.

सवय होते. आई घेते तेव्हा धाकटी धरते. आईने सोडला की धाकटी घेते. बोलणंही त्याच तालावर, त्यामुळे दोघी एकमेकींचं वाक्य कधी तोडत नाहीत. शेजारी म्हणतात, काय गोडी आहे मायलेकींची.

आज दुपारी आई झोपली. धाकटी तिच्या खोलीत जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला. खिडकीतून ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. ती चादरीवरच्या निळ्या फुलाकडे बघत होती. फूल वर गेलं, खाली आलं. तिने आपला घेतला, सोडला. मग नुसतं बघायचं म्हणून तिने पुढचा घेतलाच नाही. आईचाही अजून सुरू झाला नव्हता. घरात अगदी शांत झालं.

त्या शांततेत, पलंगाच्या पलीकडे, जिथे कुणी बसलेलं नव्हतं, कुणीतरी एक श्वास घेतला. घाई नाही, चूक नाही. नेमून दिलेल्या जागी.

तो संपेपर्यंत धाकटी थांबली. मग आईचं निळं फूल वर गेलं, खाली आलं, आणि धाकटीची जागा आली.